ढगाआडची विमाने आणि टळलेली टक्कर

दोन विमाने विहित अंतरापेक्षा जवळ येतात, पण टक्कर टळते. अशा घटनेला हवाई वाहतुकीत 'निअर मिस' म्हणतात. स्वच्छ हवेत वैमानिक दुसरे विमान डोळ्यांनी टिपू शकतो. ढग किंवा धुके आडवे आले की नजर निकामी ठरते. मग सारी भिस्त नेमून दिलेली उंची, नियंत्रण कक्ष आणि उपकरणे यांवर राहते.

ही शिस्त मोडल्याची किंमत १२ नोव्हेंबर १९९६ रोजी मोजावी लागली. हरियाणातील चरखी दादरीवर सौदी विमान १४ हजार फुटांवर होते. १५ हजार फुटांवर राहण्याची सूचना असलेले कझाक विमान ढगांतून त्याहून खाली उतरले आणि ३४९ जणांचा बळी गेला. त्यानंतर भारतात 'टीकॅस' ही टक्करप्रतिबंधक यंत्रणा सक्तीची झाली. दुसऱ्या विमानाच्या संकेतांवरून ती आधी सावध करते, नंतर एकाला वर, दुसऱ्याला खाली जाण्याचा आदेश देते.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगन येथे एका विमानाने हा आदेश पाळला. दुसऱ्याने नियंत्रकाची उलट सूचना मानली. ७१ जण मृत्युमुखी पडले. म्हणूनच आता 'टीकॅस'चा आदेश नियंत्रकाच्या सूचनेपेक्षा वरचढ मानला जातो.

जमिनीलगत मात्र ही यंत्रणा असे आदेश देत नाही. ८ जून २०२४ रोजी मुंबईत एअर इंडियाचे विमान उड्डाण घेत असतानाच त्याच धावपट्टीवर इंडिगोचे विमान उतरले. तेथे माणसाची दक्षता हाच अखेरचा आधार असतो.