मुक्या पडद्यावरचा खोटा इतिहास

इतिहास लिहिणारे हात कोणाचे, हा प्रश्न आपण ग्रंथांच्या बाबतीत वारंवार विचारला आहे. पडद्याच्या बाबतीत मात्र तो तेवढ्या नेटाने विचारला जात नाही. म्हणून मी येथे एका अमेरिकन मूकपटाची हकीकत मांडतो आहे. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ ए नेशन' (१९१५) हा तो चित्रपट. चित्रपटकलेच्या इतिहासात त्याला मानाचे पान असते. मला त्या पानाची मागची बाजू पाहायची आहे.

थॉमस डिक्सन हा दक्षिणेतला एक गोरा माजी धर्मोपदेशक. त्याने १९०५ साली 'द क्लान्समन' ही कादंबरी लिहिली आणि लगोलग तिचे नाटक रंगभूमीवर आणले. विषय होता यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा, म्हणजे १८६५ ते १८७७ या काळाचा. गुलामगिरी नष्ट झाली होती. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने काळ्या पुरुषांच्या मताधिकाराला संरक्षण दिले होते. साउथ कॅरोलिनाच्या कनिष्ठ सभागृहात काळे प्रतिनिधी बहुसंख्य झाले होते. त्याच राज्याच्या १८६८ च्या घटनेने सर्वांसाठी मोफत सार्वजनिक शाळांची तरतूद केली. कालपर्यंत ज्यांना अक्षर शिकवणे गुन्हा होता, त्यांनी सत्ता हाती येताच शाळा मागितली, ही त्या काळाची खरी कहाणी आहे.

पडद्यावर काय दिसते? हेच प्रतिनिधी सभागृहात दारू पितात, टेबलावर अनवाणी पाय टाकून बसतात. काळा पुरुष गोऱ्या मुलीच्या मागे लागतो, ती कड्यावरून उडी घेते आणि क्लानचे घोडेस्वार त्याला ठार मारतात. शेवटी हेच सशस्त्र घोडेस्वार काळ्यांना मतदानापासून रोखतात, आणि हा प्रसंग विजय म्हणून दाखवला आहे! प्रमुख काळ्या भूमिका तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी केल्या आहेत. मूकपटात सारेच मुके असतात. येथे काळ्या माणसाचा आवाज तर नाहीच, चेहराही त्याचा नाही.

कादंबरी वाचणाऱ्यापुरती असते. नाटक मंडळी जातील तेथवर जाते. चित्रपट मात्र एकच असत्य एकाच रूपात हजार गावांना दाखवतो. शिवाय त्याच्या पाठीशी सत्ता आणि विद्या दोन्ही उभ्या होत्या. १८ फेब्रुवारी १९१५ रोजी तो व्हाइट हाऊसमध्ये दाखवला गेला. अध्यक्ष वुड्रो विल्सन हे डिक्सनचे जुने सहाध्यायी. त्यांच्या इतिहासग्रंथातील उतारे चित्रपटाच्या पाट्यांवर झळकले. पुनर्रचना म्हणजे काळ्यांचे अराजक, हे मत विद्यापीठांत प्रतिष्ठित करणारे विल्यम डनिंग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. ३ मार्च १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या लिबर्टी थिएटरात हा चित्रपट लागला, तेव्हा त्याच कोलंबियात बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. म्हणजे पंडिताचा ग्रंथ आणि नाटकवाल्याचा खेळ एकाच शहरात एकच गोष्ट सांगत होते. ही जोडी आपल्याला अनोळखी नाही. पुराण आणि कीर्तन यांचे नाते असेच आहे.

परिणाम कागदावर राहिला नाही. विल्यम सिमन्सने १९१५ च्या नोव्हेंबरात जॉर्जियातील स्टोन माउंटनवर क्रूस पेटवून क्लानचे पुनरुज्जीवन केले. क्रूस पेटवण्याची प्रथा मूळ क्लानमध्ये नव्हती. ती डिक्सनच्या कादंबरीतून आली. कल्पित विधी खरा झाला. १९२० नंतरच्या दशकात क्लानचे सभासद लाखांनी मोजले जात होते.

काळ्या समाजाने हे मुकाट्याने सोसले नाही. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एन.ए.ए.सी.पी. ने ठिकठिकाणी निदर्शने केली, बंदीची मागणी केली. बोस्टनमध्ये संपादक विल्यम मन्रो ट्रॉटर यांना थिएटरातच अटक झाली. ओहायो व कॅन्सस राज्यांनी चित्रपटावर बंदी घातली, पण इतरत्र तो गर्दी खेचतच राहिला. खरे उत्तर दिले ते ऑस्कर मिशो या काळ्या दिग्दर्शकाने. जानेवारी १९२० मध्ये शिकागोत त्याचा 'विदिन अवर गेट्स' आला. गोऱ्या जमावाने केलेले खून आणि काळ्या स्त्रीवर गोऱ्या पुरुषाने केलेला अत्याचाराचा प्रयत्न त्याने पडद्यावर आणला. ही कथा काळ्या मुलांच्या शाळेसाठी पैसे जमवणाऱ्या शिक्षिकेची आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला मुंबईत 'मूकनायक' निघाला. दोघांची भेट नव्हती, पण गरज एकच होती: आपले दुःख आपण सांगावे.

पुढे डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ च्या ग्रंथात पुनर्रचनेचा इतिहास नव्याने मांडला. याच डुबॉइसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले. १९७२ मध्ये दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, त्यामागे ही वाट होती.

आजही ग्रिफिथचे नाव निघाले की त्याचे समीपदृश्य, त्याचे संकलन यांची तारीफ होते आणि आशय 'त्या काळाचा दोष' म्हणून बाजूला ठेवला जातो. मला हा हिशेब मान्य नाही. ते संकलन ज्या पाठलागासाठी वापरले, त्या पाठलागात एका माणसाचा जीव जातो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. तंत्र जितके प्रभावी, तितकी जबाबदारी मोठी. आपल्याकडचे रूपवादी समीक्षकही 'आधी कलाकृती म्हणून पाहा' असे आपल्याला बजावतात. पाहणारा कोणत्या बाजूला उभा आहे, हे ते विचारत नाहीत.

मिशोचा चित्रपट दीर्घकाळ हरवलेला होता. स्पेनमध्ये सापडलेल्या प्रतीवरून १९९३ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. शिक्षकमित्रांना माझे सांगणे एवढेच: ग्रिफिथ जरूर दाखवा, पण एकटा दाखवू नका. शेजारी मिशो ठेवा, आणि साउथ कॅरोलिनाची ती १८६८ ची शाळेची तरतूद विद्यार्थ्यांना वाचून दाखवा.