जुना निवासी ट्रेलर खरेदी करताना : झाशी परिसरातील प्रवाशांसाठी माहिती

मोटारीच्या मागे जोडून ओढत नेता येणारे छोटे घर म्हणजे निवासी ट्रेलर होय. स्वतःचे इंजिन असलेल्या कॅरव्हॅनपेक्षा हे वाहन वेगळे असते. मुक्कामाच्या जागी ट्रेलर सोडून ठेवता येतो आणि मोटार फिरण्यासाठी मोकळी राहते. नवा ट्रेलर बांधून घेणे खर्चाचे असल्याने अनेक हौशी प्रवासी जुन्या ट्रेलरचा विचार करतात. वीजजोडणी, नळ आणि हॉटेल यांवर अवलंबून न राहता माळरानावर किंवा नदीकाठी राहता यावे, हा त्यामागील हेतू असतो.

झाशी हे अशा भटकंतीसाठी सोयीचे ठिकाण आहे. देशाचा उत्तर-दक्षिण महामार्ग आणि पूर्व-पश्चिम महामार्ग येथेच एकमेकांना छेदतात. नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ ने सिवनी, सागर आणि ललितपूरमार्गे थेट झाशी गाठता येते. बेतवाकाठचे ओरछा, बरुआसागरचा तलाव आणि ललितपूर जिल्ह्यातील देवगड ही ठिकाणे आवाक्यात आहेत. राणी लक्ष्मीबाई आणि विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मुळे मराठी वाचकांना हा प्रदेश अनोळखी नाही.

मात्र, झाशी जिल्हा उत्तर प्रदेशात असला तरी मध्य प्रदेशाची सीमा शहरापासून अगदी जवळ आहे. ओरछा, दतिया आणि शिवपुरी ही गावे मध्य प्रदेशात येतात. त्यामुळे विक्रेता एका राज्यातील आणि खरेदीदार दुसऱ्या राज्यातील, असे सहज घडू शकते. महाराष्ट्रातील खरेदीदार असेल, तर हा प्रश्न उद्भवतोच. म्हणूनच ट्रेलर पाहण्यापूर्वी त्याची कागदपत्रे पाहणे हिताचे ठरते.

ट्रेलर हेही मोटार वाहनच

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील 'मोटार वाहन' या संज्ञेच्या व्याख्येत ट्रेलरचा स्पष्ट समावेश आहे. ओढणाऱ्या मोटारीची नोंदणी झालेली आहे, एवढ्याने भागत नाही. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र क्रमांक आणि विमा असणे आवश्यक असते. केंद्र सरकारच्या २००४ मधील अधिसूचनेनुसार खासगी वापराचा निवासी ट्रेलर बिगरवाहतूक वाहनांच्या गटात मोडतो. तो भाड्याने देण्याचा विचार असल्यास नोंदणीचा प्रकार बदलतो, हे ध्यानात ठेवावे.

झाशी येथे नोंदलेल्या वाहनांचा क्रमांक 'यूपी ९३' या अक्षर-अंकांनी सुरू होतो. नोंदणी क्रमांकावरून मालकाविषयीची प्राथमिक माहिती, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा हा तपशील परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' संकेतस्थळावर किंवा 'एम-परिवहन' या ॲपवर पडताळता येतो. वाहन चोरीचे नसल्याची खातरजमा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेद्वारे करता येते. चासीवर कोरलेला क्रमांक आणि आरसी बुकातील क्रमांक यांचा मेळ बसला नाही, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

हस्तांतराची मुदत

मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. विक्रेता त्याच राज्यातील असेल, तर त्याने विक्रीनंतर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. वाहन दुसऱ्या राज्यात नोंदलेले असल्यास ही मुदत ४५ दिवसांची असून, नमुना २८ द्वारे मिळणारे ना हरकत प्रमाणपत्र लागते. खरेदीदाराने ३० दिवसांत आपल्या नोंदणी कार्यालयास कळवावयाचे असते. ट्रेलर १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहणार असेल, तर तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्या राज्याचा रस्ता कर भरावा लागतो. कर्जाची नोंद असल्यास बँकेच्या पत्रासह नमुना ३५ देऊन ती रद्द करून घ्यावी. विमापत्र आपल्या नावावर करण्यासाठी हस्तांतरानंतर १४ दिवसांची मुदत आहे.

या मुदती पाळणे विक्रेत्याच्याही हिताचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात निकाल देताना, नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने वाहनाचा मालक, असे स्पष्ट केले. त्या प्रकरणातील मोटार एकाकडून दुसऱ्याकडे अशी हातोहात विकली गेली होती, पण नोंद बदलली नव्हती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी अखेर मूळ मालकावर आली. केवळ मुद्रांकावर सह्या करून ट्रेलर देणे किंवा घेणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात येते.

बदल केलेला ट्रेलर

मालवाहू किंवा शेतीच्या ट्रेलरवर खोली उभारून तो निवासी म्हणून विकला जात असेल, तर अधिक दक्षता घ्यावी. अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच तरतुदीवर भर दिला होता. आरसी बुकातील बांधणीचा प्रकार, लांबी-रुंदी आणि वजन प्रत्यक्षाशी जुळते का, हे मोजून पाहावे.

वजनाचे गणित

नोंदणी पुस्तकात रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन असे दोन आकडे असतात. समजा, ते ६५० आणि ९०० किलो आहेत. म्हणजे सामानासाठी २५० किलोच उरतात. त्यांपैकी ८० लिटर पाण्याचे ८० किलो, मोठ्या बॅटरीचे सुमारे ४५ किलो आणि छोट्या गॅस सिलिंडरचे दहा-बारा किलो वजा केले, की अंथरूण, भांडी आणि शिधा यांसाठी जेमतेम ११० किलो राहतात. आपली मोटार किती वजन ओढू शकते, हे तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. तसा उल्लेख नसल्यास उत्पादकाकडून लेखी विचारून घ्यावे.

जड सामान चाकांच्या आसाजवळ आणि किंचित पुढे ठेवावे. मागच्या टोकाला भार झाल्यास वेग वाढताच ट्रेलर डोलू लागतो आणि मोटारीवरील ताबा सुटू शकतो.

प्रत्यक्ष पाहणी

पाहणी दिवसाउजेडी आणि शक्यतो जाणत्या मेकॅनिकसोबत करावी. ट्रेलरखाली शिरून चासीवरील गंज, जोडकामातील भेगा आणि पाट्यांची स्थिती तपासावी. चाक उचलून फिरवल्यास बेअरिंगचा आवाज कळतो. टायरच्या कडेला असलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवतात. नक्षी शाबूत दिसणारा टायरही वर्षानुवर्षे उभा राहून भेगाळलेला असू शकतो. जोडणीचा हुक, सुरक्षा साखळी, ब्रेक आणि मागचे दिवे मोटारीला जोडूनच पाहावेत. आतील प्लायवूड अंगठ्याने दाबून पाहावे. मऊ लागल्यास किंवा कुबट वास आल्यास छतातून पाणी झिरपत आहे, असे समजावे. ही दुरुस्ती पुष्कळदा सर्वांत महाग पडते.

वीज, पाणी आणि गॅस

चार एलईडी दिवे, एक पंखा, लहान फ्रीज आणि मोबाइल यांना मिळून दिवसाला अंदाजे ७५० वॅट-तास वीज लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मी वीज वापरणे सुरक्षित मानले जाते. त्यातून सुमारे ९०० वॅट-तास मिळतात. स्वच्छ उन्हात २०० वॅटचे सौर पॅनेल दिवसाला साधारण ६५० ते ७०० वॅट-तास देते. म्हणून ३०० वॅटचे पॅनेल असणे सोयीचे. एवढ्या साधनांवर वातानुकूलन यंत्र चालत नाही. झाशीचे तापमान मे-जूनमध्ये ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते, तेव्हा बंद ट्रेलरमध्ये राहणे धोक्याचे असते. ऑक्टोबर ते मार्च हा काळ योग्य होय.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. त्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. ट्रेलरच्या तळाशी हवेसाठी छिद्रे आहेत आणि ती बुजवलेली नाहीत, याची खात्री करावी. थंडीत शेगडी किंवा कोळसा पेटवून दार लावून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच प्राण जाऊ शकतो.

मुक्कामाची जागा

बेतवेचे कोरडे पात्र मुक्कामास मोहक वाटते, पण ओरछाच्या वरच्या बाजूस राजघाट आणि माताटीला ही धरणे आहेत. पाणी सोडल्यास पात्र अल्पावधीत भरू शकते. ओरछा अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. खासगी शेतात राहावयाचे असल्यास मालकाची आधी संमती घ्यावी आणि सांडपाणी विहिरीपासून दूर सोडावे.

सौदा ठरल्यावर पूर्ण रक्कम एकदम देऊ नये. अनामत देऊन पावती घ्यावी. सह्या केलेले नमुने, मूळ आरसी बुक आणि राज्य बदलत असल्यास ना हरकत प्रमाणपत्र हाती आल्यावरच उर्वरित पैसे द्यावेत. ट्रेलर राज्याची सीमा ओलांडण्यापूर्वी त्याच्या कागदपत्रांची पूर्तता झालेली असावी.