परदेशी विद्यार्थिनी आणि बहुजनांचा इतिहास

उच्च शिक्षणाकरिता परदेशी गेलेल्या आपल्या ज्ञातीतील मुलामुलींचे अभिनंदन अशा स्मरणिकांतून छायाचित्रांसह होत असते, व ते उचितच आहे. परंतु याच्या उलट दिशेने, म्हणजे परदेशातून आपल्या मुलखात संशोधनाकरिता आलेल्या आणि येथेच जीवितकार्य गवसल्यामुळे येथल्याच होऊन राहिलेल्या एका विद्यार्थिनीची हकीकत आपल्या पुष्कळ कुटुंबांस ठाऊक नसावी. ती येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. या विदुषीचे नाव डॉ. गेल ऑम्वेट.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १९४१ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी झाला. कार्लटन कॉलेजातील शिक्षणानंतर १९६३ च्या सुमारास त्या प्रथम भारतात येऊन गेल्या. पुढे कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात समाजशास्त्राचा अभ्यास करीत असता, त्या विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध व वर्णभेदाविरुद्ध विद्यार्थ्यांच्या चळवळी पेटलेल्या होत्या. डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो मात्र महाराष्ट्रातील सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीचा, आणि १९७० च्या सुमारास त्या पुन्हा इकडे आल्या.

हा विषय त्या काळी किती ओसाड पडला होता, याची कल्पना आजच्या तरुणांस येणे कठीण आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. पण त्यांचे समग्र वाङ्मय ग्रंथरूपाने राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाकडून निघावयास १९६९ साल उजाडले. ब्राह्मणेतर चळवळ म्हणजे सरकारी नोकऱ्यांसाठी केलेली आणि इंग्रजांच्या फूस लावण्यावर चाललेली धडपड, असे एका वाक्यात तिला निकालात काढण्याची रीत बड्या इतिहासग्रंथांतून होती. आम्ही स्वतः शाळेत इतिहास शिकविला. क्रमिक पुस्तकात या चळवळीस जागा मिळाली तर ती दोन-चार ओळींची.

ऑम्वेटबाईंनी या समजुतीस धक्का दिला. त्यांचा आधार होता खेड्यापाड्यांतील कागद. नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या लहानशा गावातून मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ पत्र चालविले, ते पन्नासहून अधिक वर्षे. शेतकरी, कुळे, कारागीर यांची सुखदुःखे अशा पत्रांतून उतरली होती. शिवाय सत्यशोधकी जलसे होते. तमाशाचाच बाज, परंतु गणगौळणीच्या जागी भटशाही व सावकारीवर कोरडे. निरक्षर रयतेस हीच शाळा होती! या सामग्रीच्या बळावर त्यांनी मांडले की, या चळवळीत दोन प्रवाह होते. एक संस्थानिक, जमीनदार व सुशिक्षित यांचा, कायदेमंडळातील जागांकडे डोळे लावलेला; दुसरा खेड्यातील सत्यशोधकांचा, धर्मसत्ता व सावकारी या दोहोंविरुद्ध उभा ठाकलेला. १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात कुळांनी जो उठाव केला, त्याचा उलगडा या दुसऱ्या प्रवाहावाचून होत नाही.

येथे थोडे स्पष्ट लिहितो. मंडळाचे पदाधिकारी रागावणार नाहीत अशी आशा आहे. त्या काळी निरनिराळ्या ज्ञातींनी परिषदा भरविल्या, बोर्डिंगे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या. या संस्था त्याच जागृतीच्या वातावरणात वाढल्या. परंतु सत्यशोधकांचा मूळ हेतू जातीची उतरंडच मोडण्याचा होता. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने बोर्डिंगाचा वारसा सांभाळला. दुसरा वारसा किती सांभाळला, हा प्रश्न त्यांचा प्रबंध वाचताना आमच्या मनातून हटला नाही.

प्रबंध १९७३ साली मान्य झाला व १९७६ मध्ये तो मुंबईहून ग्रंथरूपाने निघाला. पदवी पदरात पडताच अन्य कोणी अमेरिकेत प्राध्यापकी पत्करली असती. या बाई सातारा-सांगलीच्या मुलखात परतल्या. प्रतिसरकारच्या लढ्यातील इंदुताई पाटणकर यांचे चिरंजीव डॉ. भारत पाटणकर यांच्याशी १९७६ साली त्यांचा विवाह झाला व वाळवे तालुक्यातील कासेगाव हे त्यांचे घर झाले. १९८३ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. श्रमिक मुक्ती दलाच्या चळवळीत धरणग्रस्त, दुष्काळी शेतकरी आणि परित्यक्ता स्त्रिया यांच्यासोबत त्या उभ्या राहिल्या. ग्रंथलेखन तर अखंड चालू होते: दलित चळवळीवर १९९४ साली, बौद्ध धर्मावर २००३ साली मोठे ग्रंथ झाले. पुढे पतीसमवेत त्यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे कासेगाव येथेच निधन झाले.

आता एक व्यवहाराची गोष्ट. ज्या कागदांवर त्यांचा प्रबंध उभा राहिला, तसलेच कागद आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावरील ट्रंकांत आहेत: जुन्या परिषदांचे अहवाल, बोर्डिंगांच्या देणग्यांच्या पावत्या, आजोबांकडे येणाऱ्या पत्रांचे अंक, जलशांच्या पदांच्या वह्या. घर पाडून नवे बांधताना हे सारे रद्दीवाल्याकडे जाते, असे आम्ही वारंवार पाहिले आहे. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते फाटके असले तरी मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे, अथवा निरोप धाडावा. आम्ही स्वतः येऊन घेऊन जाऊ व यादी करून पोच देऊ.