देवळालीत सिंगापूरच्या तोफा

सिंगापूर अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीत आहे, असं मी मंडळाच्या कट्ट्यावर म्हटलं की कुणीतरी हसतंच. "अहो, चांगीला अमेरिकेच्या विमानवाहू नौका येतात, ते काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

9 ऑगस्ट 1965 ला सिंगापूर मलेशियापासून वेगळं झालं, तेव्हा त्याच्याकडे पायदळाच्या जेमतेम दोन पलटणी होत्या. ली क्वान यू यांनी मदत मागितली ती आपल्या लालबहादूर शास्त्रींकडे आणि इजिप्तच्या नासर यांच्याकडे. शास्त्रीजींच्या शुभेच्छा आल्या, पण लष्करी सल्लागार काही आला नाही. मग आले इस्रायली अधिकारी. शेजारी मुस्लिमबहुल, म्हणून त्यांना 'मेक्सिकन' म्हणायचं ठरलं! 1967 मध्ये सक्तीची लष्करी सेवा सुरू झाली.

पुढच्याच वर्षी ब्रिटनने तळ आवरायचं जाहीर केलं. 1970 मध्ये सिंगापूर अलिप्त चळवळीत आलं आणि 1 नोव्हेंबर 1971 पासून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया, सिंगापूर अशी पाच देशांची संरक्षण व्यवस्था लागू झाली. तिची गंमत अशी, की हल्ला झाला तर पाचांनी ताबडतोब सल्लामसलत करायची. लढायलाच हवं असं बंधन कुणावर नाही!

पुढेही तीच रीत. 1990 च्या कराराने अमेरिकेला तळ वापरायला दिले, पण 2003 मध्ये तिने देऊ केलेला 'प्रमुख बिगर-नाटो मित्र' हा दर्जा मात्र नम्रपणे नाकारला. सप्टेंबर 2019 मध्ये तो करार 2035 पर्यंत वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये चीनशी असलेला संरक्षण करारही विस्तारला. मैत्री सगळ्यांशी, बांधिलकी कुणाशीच नाही.

मग या करारांतून मिळतं काय? मला वाटतं, मुख्य म्हणजे जागा. सुमारे 735 चौरस किलोमीटरच्या बेटावर तोफा डागायच्या कुठे? म्हणून 1975 पासून तैवान, पुढे ऑस्ट्रेलिया, आणि 2007-08 च्या करारांनंतर भारत: हवाई दलाला कलाईकुंडा, पायदळ-रणगाड्यांना बबिना, तोफखान्याला आपल्या नाशिकजवळची देवळाली. 1965 मध्ये मागितलेली मदत अशी चार दशकांनी, वेगळ्या रूपात मिळाली.

आपल्यातल्या कित्येक घरांतली पीआर मुलं अठराव्या वर्षी दोन वर्षांसाठी गणवेश चढवतात. "एवढे करार आहेत, मग आमचा मुलगा कशाला?" असं आया विचारतात. करार नीट वाचले, तर उत्तर त्यांतच आहे: दुसऱ्या कुणाच्या मुलाने इथे येऊन लढावं, असं त्यांत कुठेच लिहिलेलं नाही.