मातीत दडलेला भूकंपांचा इतिहास

भूकंपमापक यंत्रांच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या. त्याआधीचे भूकंप बहुधा मातीतच शोधावे लागतात. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावरचे पॅलेट क्रीक हे याचे सर्वपरिचित स्थळ. लॉस एंजेलिसपासून ईशान्येस सुमारे ५५ किलोमीटरवर असलेल्या या जुन्या दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचे काळे थर आणि वाळू, गाळाचे थर आलटूनपालटून साचले आहेत.

प्रस्तरभंगावर ताण वाढत असताना मातीत सहसा काहीच दिसत नाही. तो एकाएकी मोकळा झाला, की थर तुटतात, सरकतात. पाण्याने भरलेली वाळू भेगांतून वर उसळते. कालांतराने त्यावर नवा, अखंड थर बसतो. तुटलेला सर्वांत वरचा थर आणि त्यावरील अखंड थर यांच्या दरम्यानचा काळ हाच भूकंपाचा काळ. वनस्पतींच्या अवशेषांतील कार्बन-१४ मोजून तो ठरवला जातो.

भूवैज्ञानिक केरी सीह यांनी १९७० च्या दशकात येथे चर खणून थरांचा अभ्यास केला. १९८९ च्या सुधारित कालगणनेनुसार अलीकडच्या दहा भूकंपांमधील सरासरी अंतर १३२ वर्षे भरते. ही सरासरी मात्र फसवी आहे. भूकंप दोन-तीनच्या गटांनी झाले. गटातील अंतर काही दशकांचे, तर दोन गटांमधील शांतता दोन ते तीन शतकांची. येथील शेवटचा मोठा भूकंप १८५७ चा.