'कुणबीण' : एका शब्दाचे दास्य

१६६५ च्या आरंभी मुंबई बेट इंग्रजांच्या हवाली करताना पोर्तुगीजांनी हंफ्री कुकशी जो करार केला, त्यातील एक कलम मराठी शब्दार्थाच्या अभ्यासकांनी आजवर दुर्लक्षिले आहे. पोर्तुगीजांच्या गावांतील कुणबी, भंडारी व गावांशी बांधलेले इतर लोक मुंबईत आश्रयाला आले, तर इंग्रजांनी त्यांना ठेवून न घेता ज्याच्या त्याच्या धन्याकडे परत करावे, असे हे कलम सांगते. आणि पळून आलेल्या गुलामांनाही हाच नियम लावते. साष्टीच्या वायव्य टोकावरील उत्तन, चौक, पाली, डोंगरी ही गावे तेव्हा वसईच्या अमलाखाली होती. १५३४ च्या तहाने आलेला हा अंमल १७३९ पर्यंत टिकला. उत्तनहून मुंबईला जाण्यास होडी पुरे होती. पण होडीतून उतरणारा कुणबी कायद्याच्या दृष्टीने मोकळा नव्हता.

कलमात दोन वर्ग आहेत, हे नीट ध्यानात घ्यावयास हवे. कुणबी आणि गुलाम यांची नावे वेगवेगळी घेतली आहेत. म्हणजे पोर्तुगीज लेखकाच्या मनात ते एक नव्हते. दोघांच्या वाट्याला येणारी वागणूक मात्र एकच आहे. संज्ञा भिन्न आणि व्यवहार समान, असा हा पेच आहे, आणि दास्यवाचक शब्दांचा इतिहास बव्हंशी याच पेचाचा इतिहास असतो.

संस्कृत 'दास' शब्दाचा आरंभ दास्यात नाही. ऋग्वेदात तो प्रायः परक्या, शत्रुस्थानी असलेल्या जनांसाठी येतो. पण तेथेच दिवोदास हे राजनाम आहे, आणि आठव्या मंडलात बल्बूथ नावाच्या दासाकडून दान घेतल्याचाही उल्लेख आहे. इराणी शाखेत 'दह' हे एका जनसमूहाचे नाव आहे. क्षयार्षाच्या शिलालेखातील प्रजांच्या यादीत ते आढळते. खोतानी शकांच्या भाषेत तर त्याच धातुकुळातील शब्दाचा अर्थ नुसता 'पुरुष' असा होतो. परक्या जमातीचे नाव पुढे जिंकलेल्या माणसाचे नाव व्हावे, ही प्रक्रिया केवळ भारतीय नाही. युरोपीय भाषांतील गुलामवाचक शब्द, पोर्तुगीज 'एश्क्राव्हु'सकट, स्लाव लोकांच्या नावावरून आला आहे.

'गुलाम' दुसऱ्या वाटेने येतो. अरबीत त्याचा मूळ अर्थ 'मुलगा, तरुण'. पोर्तुगीज 'मोसु' हाही आधी पोरगा आणि मग चाकर. पत्त्यांच्या ज्या पानाला मराठी माणूस गुलाम म्हणतो, त्याचे जुने इंग्रजी नाव 'नेव्ह' होते, आणि त्याचाही मूळ अर्थ मुलगाच. पहिल्या वाटेने माणूस परका ठरतो, दुसरीने तो कधीच प्रौढ होत नाही. 'शिद्दी' मात्र उलट्या दिशेने गेला. 'माझे स्वामी' अशा अर्थाच्या अरबी संबोधनातून निघून तो ज्यांच्यावर स्थिरावला, त्यांतील अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले होते.

'कुणबीण' या दोन्ही वाटांत बसत नाही. पेशवेकालीन कागदांत स्त्रीगुलामासाठी 'बटीक' आणि 'दासी' यांच्या जोडीला 'कुणबीण' हा शब्द सर्रास येतो. सरकारी कोठ्यांत, पागांत, किल्ल्यांवर कुणबिणी असत. त्यांची खरेदी-विक्री होई. बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीला सरकारात धरून कुणबीण करण्याचीही रीत होती. मनुस्मृतीने सात प्रकारच्या दासांत 'दंडदास' गणला आहे. अठराव्या शतकातील कारकुनाला ते वचन आठवत असेल वा नसेल. व्यवहार तोच आहे. मोल्सवर्थच्या कोशात कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको आणि कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई, हे दोन अर्थ एकाच नोंदीत शेजारी शेजारी बसले आहेत.

येथे व्याकरणाने गप्प राहावे आणि समाजाने बोलावे, अशी अवस्था येते. 'कुणबी' या पुल्लिंगी रूपाला मराठीत दास्याचा अर्थ चिकटला नाही. पुरुष जमीन कसणाराच राहिला. त्याच्या नावाचे स्त्रीलिंगी रूप मात्र बाजारात गेले. कारण शोधताना घराकडे पाहावे लागते. ज्या घरात कुणबीण दळणकांडण करी, पाणी भरी, त्या घराला तिच्या हातचे पाणी चालणे आवश्यक होते. तेव्हा विकत घेतलेल्या बाईची जात कोणतीही असो, तिला कुणबीण म्हणणे हे तिच्या शिवता येण्याचे प्रमाणपत्र होते, असा तर्क करण्यास जागा आहे. तो बरोबर असेल, तर जातिव्यवस्थेने दास्याला दिलेले हे सोयीचे नाव ठरते. उत्तनच्या बाजूचा बांधलेला कुणबी आणि देशावरची विकलेली कुणबीण यांत थेट व्युत्पत्तीचा धागा जोडण्याचा मोह टाळलेलाच बरा. पहिला पोर्तुगीज जमीनदारीचा परिणाम आहे, दुसरी ब्राह्मण-मराठा गृहव्यवस्थेचा. दोन्ही ठिकाणी कष्टकऱ्याच्या जातिनामालाच पारतंत्र्याचा भार वाहावा लागला, एवढे साम्य पुरेसे बोलके आहे.

दरम्यान 'दास' शब्दाचे काय झाले? मनूच्या सात प्रकारांत 'भक्तदास' आहे. तेथे 'भक्त' म्हणजे अन्न, आणि भक्तदास म्हणजे पोटासाठी दास झालेला. संतपरंपरेत वाढलेला मराठी वाचक हाच समास भक्तीच्या अंगाने लावील, आणि त्याला दोष देता येणार नाही. रामदासांच्या नावात आणि 'दासबोध' या ग्रंथनामात जो दास आहे, त्याला धनी आहे, पण बाजार नाही. भक्तीने या शब्दाला उंची दिली. त्याच हाताने त्यातील वेदनेची नोंद पुसली. शरद पाटलांना १९८२ मध्ये 'दास-शूद्रांची गुलामगिरी' असे नाव योजताना 'दास'च्या पुढे 'गुलामगिरी' पुन्हा लिहावी लागली, यातच त्या पुसण्याची कबुली आहे.

फुल्यांनी १८७३ मध्ये आपल्या ग्रंथाला 'दास्य' म्हटले नाही, 'गुलामगिरी' म्हटले. फारसी प्रत्यय लागलेला, बाजारातला, कोणत्याही देवाच्या पायाशी न बसलेला शब्द त्यांनी उचलला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामीवरील हक्क मानणे बंद केले होते; पोर्तुगीज राज्यात गुलामी १८६९ मध्ये रद्द झाली होती. म्हणजे कायद्याने हा शब्द निकालात काढल्यावर फुले तो शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला लावतात, आणि ग्रंथ अर्पण करतात तो निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. टीकाकारांनी याला अतिशयोक्त रूपक मानले. पण १६६५ च्या कलमाने कुणबी आणि पळालेला गुलाम यांना एकाच होडीतून परत धाडले होते. फुल्यांनी त्या दोघांना एकाच शब्दाखाली आणले.