पडण्याची भीती, वार्धक्यातील (बहरीन)

वय वाढते तशी नजर, ऐकू येणे, आतल्या कानातला तोल आणि तळपायांची जाणीव मंदावते. मग ‘आता पडेन’ ही धास्ती मनात घर करते. कधीही न पडलेल्यांनाही ती असते. मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. आंघोळ, घरातले चालणे, खुर्चीतून उठणे अशी रोजची दहा कामे न पडता जमतील याची खात्री किती, एवढेच तीत विचारले जाते.

तोल सावरताना डोळे, कान आणि पाय एकमेकांची उणीव भरून काढतात. दोन एकदम थकले की तिसऱ्याला भार पेलत नाही. बहरीनमध्ये मधुमेहाचे प्रमाण मोठे आहे आणि तो डोळ्यांचा पडदा व पायांच्या नसा दोन्ही खराब करतो. पहाटेच्या नमाजाआधी वजू करताना, म्हणजे हातपाय-तोंड धुताना, म्हातारा माणूस ओल्या फरशीवर एका पायावर उभा राहून दुसरा पाय बेसिनपर्यंत उचलतो. फरशी निसरडी आहे हे बधिर तळव्याला उशिरा कळते. सजद्यातून, म्हणजे जमिनीला कपाळ टेकून उठताना चक्कर येते ती वेगळीच. खुर्चीवर बसून नमाज पढण्याची मुभा धर्मात आहे.

मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणाऱ्या बहरीनमधल्या मुहर्रकच्या पाणबुड्यांनी तर इंद्रियांची ही झीज तरुणपणीच सोसली. कानाचे पडदे फाटत, खाऱ्या पाण्याने डोळे बिघडत. १९३० च्या दशकात तो धंदा बसला. त्याच्या खुणा २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्या यादीकडे पाहताना या माणसांच्या कान-डोळ्यांची किंमतही लक्षात घ्यायला हवी.

पडण्याच्या भीतीमुळे माणूस घराबाहेर जाणे टाळतो, त्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. स्नायू आणखी ढिले होतात आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. बहरीनमध्ये मुलाकडे राहायला आलेल्या मराठी आईवडिलांनाही ‘तुम्ही उठू नका, बसून राहा’ हे प्रेमाने सांगितले जाते. ते घातकच. भित्रेपणाचा शिक्का मारणेही तितकेच चूक, कारण या भीतीला बहुधा शरीरात आधार असतो.

म्हणून धीर देण्याआधी तपासणी हवी: मोतीबिंदू, कान, तळपायांची संवेदना, झोपेची व रक्तदाबाची औषधे. जिना उतरताना दोन भिंगांचा चष्मा पायरी धूसर दाखवतो. चालायला दूरचा वेगळा चष्मा बरा. पायांची ताकद व तोल वाढवणारे व्यायाम नेमाने केले तर पडणे कमी होते. वजूच्या जागी स्टूल आणि भिंतीला पकडदांडी लावता येते. बहरीनच्या २००९ च्या ज्येष्ठ नागरिक हक्क कायद्यात साठीपुढच्यांच्या काळजीची जबाबदारी आधी कुटुंबावर येते, तेव्हा ही कामे घरच्यांनीच हाती घ्यायची.